मेलानियाच्या लग्नाची कणीक

२१ सप्टेंबर १९५८, रविवार
ओल्श्तिनजवळ. आपल्या जुन्या पंचांगाने आज मारीयेचा जन्मदिवस.

प्रिय युस्ताताई,

ख्रिस्ताचा जयजयकार असो! तू, मुलं आणि तुझी ती खट्याळ शेळी, सगळी सुखरूप असाल. आम्हीही बरे आहोत. तुझ्याआधी हे पत्र जो कोणी साहेब उघडेल त्यालाही माझा नमस्कार. वाचून झालं की नीट चिकटव रे बाबा, मागचं पाकीट ताईला अर्धं उघडंच मिळालं.

यंदा बटाटे भरपूर आहेत, कोबीला मात्र अळी लागली. ओनुफ्रीची कंबर गेली आहे, जीभ शाबूत आहे. दिवसभर शेकोटीशी बसून माझ्या बीटच्या सारात मीठ कमी असल्याचं सांगतो. मी ऐकते. बारा वर्षांपूर्वी सरकारने तुला पूर्वेच्या, सोव्हिएत हद्दीत जाणाऱ्या गाडीत घातलं आणि पुढच्या वर्षी आम्हाला पश्चिमेच्या. निदान कुरकुरणारा नवरा तरी घरात आहे, असं म्हणते आणि मीठ घालते.

आता मोठी बातमी. तुझ्या मेलानियाचं लग्न ठरलं. तुझी म्हणते, कारण बाळंतपण माझं असलं तरी बाप्तिस्म्याला तिला घेऊन तूच उभी होतीस. आणि पोरगीही तशीच हट्टी निघाली. म्हणते, "धर्ममातेचा आशीर्वाद आल्याशिवाय मी उंबरा ओलांडायची नाही." मुलगा ट्रॅक्टर चालवतो. दात चांगले आहेत. पितो, पण लोकांपेक्षा कमी. ओनुफ्रीशी पत्ते खेळताना मुद्दाम हरतो, म्हणजे डोकंही आहे.

लग्न पुढच्या महिन्यातल्या पोक्रोवाच्या सणानंतर करायचं ठरतंय. घोडं अडलंय ते कोरोवायच्या पावापाशी. आपल्या गावी लग्नाचा पाव मळायला सात सुवासिनी हव्यात म्हटलं, की वीस यायच्या आणि उरलेल्या तेरा वर्षभर रुसून बसायच्या. इथे आपली युक्रेनी दोन घरं या गावात, एक पुढच्या, बाकीची कुठे कुठे. आम्हाला एकत्र राहू द्यायचंच नाही असं ठरवून विखुरलेलं. तरी हाफियाकाकूने पायपीट करून सहा जणी जमवल्या. सत्तरीची आहे, पण रीतभात तिच्याकडून शिकावी.

बघ, इतकं लिहिलं आणि मुलाचं नाव नाही सांगितलं. तू केव्हाच ओळखलं असशील. त्याचं नाव वात्स्वाव. हो ताई, पोलिश आहे. पत्र फाडू नकोस. फाडायचंच तर आधी शेवटपर्यंत वाच.

हावरिलोभाऊजींना गोठ्यातून ओढून नेलं तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते. कोण होते ते मी विसरलेले नाही. तू तेव्हा काय शपथ घेतलीस तीही माझ्या लक्षात आहे. म्हणूनच गेला महिनाभर पत्र लिहायला बसते आणि उठून गाईला चारा घालायला जाते. गाय जाड झाली आहे.

वात्स्वावची आई लेओकादिया. व्होलिनची. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याला त्याच्याच अंगणात मारलं. मारणारे आपल्यातले होते. पहिली चार वर्षं ती माझ्याशी बोलली नाही, मी तिच्याशी नाही. पहिलं वाक्य बोलली ते हे: "तुझी गाय परत माझ्या कोबीत आली तर तंगडी मोडीन." पण मग तीच गाय अडली तेव्हा कोपरापर्यंत हात घालून वासरू तिनेच काढलं. तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे, म्हणजे मैत्री आहे.

गेल्या रविवारी बायका माझ्या स्वयंपाकघरात ठरवाठरवी करत बसल्या होत्या. लेओकादिया पीठ घेऊन आली. बाह्या वर केल्या आणि कणीक मळतानाचं आपलं गाणं गुणगुणू लागली. आपल्या बोलीत, ताई! व्होलिनला लहानपणी शेजारणींकडून शिकलेली. म्हणाली, "सातवी मी."

हाफियाकाकू म्हणाली, "नाही बाई. विधवेचा हात या कणकेला लागत नाही. पोरीचं वाईट होईल."

लेओकादियाने बाह्या खाली घेतल्या. रागावली नाही, तेच मला सहन झालं नाही. एवढंच म्हणाली, "रीत मला ठाऊक आहे. पण विधवा मी माझ्या हौसेने नाही झाले."

मी म्हटलं, "काकू, उद्या माझी युस्ता दारात आली तर तिलाही बाजूला बसवशील?"

"युस्तिनाची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी, ते सांग."

काकूने चमचा पुसून ठेवला. म्हणाली, "पाप लागलं तर तुला लागेल, तेक्ला." म्हणजे तयार झाली.

पण आता लेओकादिया अडून बसली आहे. म्हणते, "तुझ्या बहिणीचा नवरा आमच्या माणसांनी मारला. तिला नको असेल तर मी त्या कणकेला हात लावणार नाही. दाराबाहेर उभी राहीन, पोराला तिथूनच आशीर्वाद देईन." आणि मेलानिया रडते: त्याच्या आईला दाराबाहेर उभी करून मी त्या घरात कशी जाऊ?

सात घरचं पीठ लागतं. सहा घरचं आलं, लेओकादियाने तिचं परत नेलं. पाकिटात छोटी पिशवी शिवून घातली आहे. तुझ्या घरचं मूठभर पीठ पाठव. आलं, तर तुझं पीठ तिच्या हाताने मळलं जाईल. तुला नाहीच जमलं तर मी तुला दोष देणार नाही, खरंच नाही. नवरा तुझा गेला, माझा नाही. पण ताई, तुझी फार आठवण येते, आणि या गावात तुझं दुःख न सांगता समजेल अशी एकच बाई आहे. ती नेमकी तीच असावी, याला मी काय करू?

शिव्या हव्या तेवढ्या लिही. फक्त पिशवी रिकामी पाठवू नकोस.

दोन विधवांच्या मधे उभी असलेली,
तुझी धाकटी,
तेक्ला