एका बोटाने फिरणारे चाक

सोलापूर, रविवार, १४ डिसेंबर, सायंकाळ

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचे जड स्टिअरिंग मला वळवेना, एवढ्यावरून दादाने ती विकायला परस्पर गिऱ्हाईक ठरवले. मी पॉवर स्टिअरिंग बसवून घेतले. मूळ पत्र्याला एकही नवे भोक न पाडता. त्याची विजेवरची मोटर डॅशबोर्डच्या आड, शोधूनही दिसू नये अशी.

आज नागनाथ मिस्त्रींनी एका बोटाने चाक फिरवून दाखवले. "बघा मॅडम, लोण्यागत!"

"जड करा. रस्ता हाताला कळला पाहिजे."

"लोकं हलकं करा म्हनत्यात, तुमी जड करा म्हनताय. लई अवघड हाय की तुमचं!"

मनासारखे जड होईपर्यंत तीनदा उघडायला लावले. एक बोट म्हणे! मला लोणी नको होते, गाडी हवी होती.

मग वळसंगपर्यंत स्वतः चालवून आले. खांदा थोडा दुखला, दुखू दे. दादा म्हणाला, "मूळ रूप बाटवलंस तिचं." विकायला काढताना मूळ रूपाची ही काळजी कुठे होती? माझे चुकले का? क्षणभर शंका आली, नाकारत नाही. पण मालकिणीला चालवता न येणारे शुद्ध रूप काय पुजायचे?

उद्या दहाला गिऱ्हाईक येणार आहे. दादाने त्याला चहा पाजावा. मी गाडी घेऊन बार्शीच्या वाटेवर असेन.