क्रशरची किल्ली

सोमवार, ता. ३
आजपासून शेडचा कारभार मी बघणार. दैनिकाने आमचं वार्ताहर-कार्यालय बंद केल्यापासून घरी बसून त्याच दैनिकातल्या चुका मोठ्याने वाचत होतो. असंच चालू राहिलं तर तुम्हालाच क्रशरमध्ये घालीन, असं बायको परवा चहा ओतताना म्हणाली. विनोदाने म्हणाली असावी.
शेड तिच्या वडिलांची. भंगारातलं प्लॅस्टिक येतं : बाटल्या, डबे, बादल्या. सासऱ्यांच्या काळापासूनची मावशी बाहेर बसून रंगाप्रमाणे निवडते. आत क्रशर त्याचा चुरा करतो. चुरा पोत्यात, पोती कारखान्यात, तिथे पुन्हा बादल्या. पुनर्जन्माचं इतकं सोपं उदाहरण आमच्या गुरुजींना सापडलं नव्हतं.
क्रशर बायकोच चालवते. मी लांबून पाहिलं. लांबून समग्र दृश्य दिसतं.
संकल्प : आठवड्यात यंत्र शिकणे.

मंगळवार, ता. ४
यंत्राच्या तोंडात डोकावलो. चष्मा काढून, त्यामुळे पाती नीट दिसली नाहीत. बरं वाटलं.
दुपारी एक बादली आत गेली. होती, आणि मग नव्हती. भ्यालो नाही. मळमळलं. डब्यातली भाजी उतरली असावी. बायकोने तीच भाजी खाल्ली, तिला काही झालं नाही. प्रकृती वेगवेगळ्या असतात.

गुरुवार, ता. ६
पोत्याची नायलॉनची दोरी चुकून आत गेली आणि पात्यांच्या दांड्याला गुंडाळली. यंत्र कण्हून थांबलं. बायकोने पॅनलवरची किल्ली फिरवली, काढली, कमरेला खोचली आणि हात घातला आत. कोपरापर्यंत. पात्यांच्या मध्ये. आणि तिथून मला विचारते, गॅस बंद करून आलात ना?
मला खुर्ची लागली. मावशी म्हणाली, जावईबापू, हे नेहमीचंच, दोरी दिसली की यंत्राला राहवत नाही.
नियम सासऱ्यांचा आहे. ज्याचा हात आत, किल्ली त्याच्याच अंगावर. किल्लीशिवाय यंत्र सुरू होत नाही. पण नियमात मला दोष दिसला. कमरेची किल्ली पडू शकते. पडली तर कोणीही उचलून लावील. कोणीही म्हणजे कोण, असं बायकोने विचारलं. शेडमध्ये ती, मावशी आणि मी. मी म्हणालो, तत्त्व म्हणून बोलतोय.

शनिवार, ता. ८
झोप नाही. डोळे मिटले की कोपर दिसतं. बायकोला सांगितलं नाही, उगाच घाबरेल.
निर्णय : तिचा हात आत असेल तेव्हा किल्ली माझ्याकडे. मी पॅनलपाशी उभा राहीन, कोणाला फिरकू देणार नाही. बायको नाही म्हणाली. समजावलं, तरी नाही म्हणाली. मग मी जेवायला उठलो नाही. तेव्हा म्हणाली, घ्या बाबा एकदाची, पण खिशातून बाहेर काढायची नाही.

रविवार, ता. ९
सुट्टी. तालीम. किल्ली शर्टाच्या खिशात ठेवून वाकलो, पडली. पँटच्या खिशाला भोक निघालं. मुठीत धरली तर हाताला घाम येतो. हरवली तर? किल्लीसाठी संपूर्ण सुरक्षित जागा अजून सापडलेली नाही. चिंतन चालू.

सोमवार, ता. १०
घडलं ते लिहितो. अक्षर वाकडं येतंय, पेन नवीन आहे.
सकाळी खोक्यांच्या पॅकिंगच्या पट्ट्या अडकल्या. बायकोने यंत्र बंद केलं, किल्ली माझ्या हातावर ठेवली, हात आत घातला. मी पॅनलपाशी. किल्ली बोटांतून निसटायला लागली. खिशाचा भरवसा नाही. हरवणार नाही अशी जागा शोधली, तर किल्लीसाठीच केलेली जागा समोरच होती. नीट बसवली. खट्कन बसली. हायसं वाटलं.
मावशी टोपली घेऊन आत आली. टोपली खाली पडली. जावईबापू, किल्ली कुठंय, एवढंच ती म्हणाली. मी पॅनलकडे बोट दाखवलं. थोड्या अभिमानानेच.
बायकोने मान वळवून पाहिलं. झोपलेल्या मुलाच्या मानेखालून काढतात तसा हात हळूहळू बाहेर काढला. आली. किल्ली काढून घेतली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
मी फिरवली नव्हती. हे तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. नुसती ठेवली होती, फिरवली नव्हती.
घरी आल्यावर ती बराच वेळ हात धूत राहिली. मी नळापाशी उभा राहून बोटं मोजली. बरोबर भरली. परत मोजली. ती म्हणाली, टॉवेल द्या.

बुधवार, ता. १२
नवी व्यवस्था. किल्ली बायकोच्या गळ्यात. मी बाहेर मावशीपाशी, झाकणं निवडायला. बायकोचा हात आत असेल तेव्हा मी बाहेरून मोठ्याने काहीतरी म्हणत राहायचं, म्हणजे मी पॅनलपासून लांब आहे हे तिला आत कळेल. काय म्हणू, विचारलं. म्हणाली, ते तुमचं देवः देवौ देवाः म्हणा, लग्न झाल्यापासून ऐकतेय.
उद्योगक्षेत्रात संस्कृतला अखेर स्थान मिळालं. दैनिकात ते कधीच मिळालं नव्हतं.
मावशीला वाटतं, हे यंत्राच्या शांतीसाठी चाललंय. तिने विचारलं, इतके देव घेता, मग सारखं अडकतं कसं?
आज दोरी फारच घट्ट बसली होती. देव संपला, वन संपलं, माला संपली, यंत्र सुरू होईना. नदी घेतली. मध्येच घसा बसला. थांबलो. आतही काही आवाज नाही. हातातलं झाकण निळं की हिरवं, तेही कळेना.
मग आतून बायको ओरडली, अहो, गप्प का झालात, मला भीती वाटते ना.
पुन्हा देवापासून सुरुवात केली.