कासवाच्या पाठीतलं घर

मंगळवार, ४ मार्च. सकाळी पावणेआठ.

चित्रातल्या कंदिलाच्या कडीची सावली पुसत होतो. तेवढ्यात साहेबांचा फोन — "तुझी दारं बुटकी आहेत. लगेच ये!"

माझी दारं! पेन्सिलीला टोक करूनच निघालो.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

झालं ते नीट लिहून ठेवतो. आमची कंपनी बनवते त्या गेमची ही लेव्हल म्हणजे एका चालत्या कासवाच्या पाठीतलं घर. मी चित्रं काढतो — खोल्या, कंदील, बरण्या. ती बघून मॉडेलवाली ताई कॉम्प्युटरवर घर उभं करते. घर चालतं म्हणून प्रत्येक बरणीला दोरी बांधली आहे. कासवानं श्वास घेतला की भिंती फुगतात, फळ्या वर जातात. सोडला की खाली. सगळ्यात वरच्या फळीवर किल्ली. आज नायकाला आत सोडला, तर पहिल्याच दारात कपाळमोक्ष! सहा फुटी गडी. आत शिरेचना.

चित्राच्या कोपऱ्यात मापासाठी एक माणूस काढतात. त्याच्यावरून दार केवढं, कंदील केवढा ते कळतं. तो माणूस नायकाच्या उंचीचा हवा — हे म्हणे चित्रकलेच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. मी नववीत शाळा सोडली. मला कोण सांगणार? मी कोपऱ्यात आईला उभी केली होती. एक हात कमरेवर, दुसऱ्यात पळी. चार फूट आठ इंच. सगळं घर तिच्या मापाचं.

"ही कोण बाई?"

"माप आहे, साहेब."

"शुक्रवारपर्यंत दारं वाढव. नाहीतर लेव्हल रद्द, आणि तूही!"

बुधवार, ५ मार्च.

वाढवून पाहिली. दार वाढलं की छत वाढतं, छत वाढलं की घराचं गोदाम होतं. कंदील तर फाशी दिल्यासारखा लटकतो. पुसलं सगळं.

नाही वाढवणार!

गुरुवार, ६ मार्च.

तोंडावर सांगितलं. आवाज फाटला, पण सांगितलं. "दारं बरोबर आहेत, साहेब. नायक चुकलाय."

"उद्या म्हणशील, कंपनीचे मालकही चुकलेत!"

"मालक सहा फुटी आहेत का?" — हे तोंडातून कसं निसटलं, देव जाणे! ताई खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाली.

घरी आई म्हणाली, "वाढव की बाबा. आपलं काय जातंय?"

माझं जातंय, म्हटलं.

"मग जेव आधी. उपाशीपोटी भांडू नये."

शुक्रवार, ७ मार्च.

एक रेघ हलवली नाही. पेन्सिली पिशवीत भरून, टेबल पुसून बसलो होतो. कामावरून काढलंच तर मागे पसारा नको.

ताईनं गेम लावला. नायकाच्या जागी — पळीवाली! कुणाला न विचारता तिनं आईलाच चालती केली होती. साहेब रागातच खेळायला बसले. बाई दारातून सुळकन आत. न वाकता! कंदील उचलला, झुलत्या बरण्या चुकवल्या, किल्लीखाली आली. हात वर केला. पोचेना. कासवानं श्वास सोडला, तरी चार बोटं कमी. साहेब खुर्चीतून अर्धे उठले, जणू त्यांचाच हात पोचणार होता! शेवटी तिनं स्टूल ओढलं, चढली, किल्ली काढली.

"पुन्हा लाव," साहेब म्हणाले. मग आणखी एकदा.

जाताना दारात थांबले. "नायक हीच. सोमवारी वेळेवर ये. आणि तिची पळी जरा मोठी कर."

पळी आहे तेवढीच राहील.

रविवार, ९ मार्च.

ताईचा लॅपटॉप घरी आणला, आईला खेळायला दिलं. आधी लाजली, मग पदर खोचून सरसावली. किल्लीपाशी आली आणि हसली. "फळी अगदी आपल्या घरातल्यासारखी काढलीस रे. तिथं माझा हात कधी पोचलाच नाही. स्टूलपण तेच!"

तिचं माप मला तोंडपाठ होतं.

दुपारी घरातली फळी उतरवून चार बोटं खाली ठोकली. खेळातली हलवणार नाही.