जावयाच्या होडीची चार रबरं

अंगणात होडी आणून टाकलीत आणि जाता जाता सांगितलंत, इंजिनाखालची चार रबरं तेवढी बदलून ठेवा. जशी काय परकराची नाडी बदलायची व्हती. माझी पापड वाळवायची जागा गेली, हे आधी लिहिते, बाकीचं मागून.

जावईबापू दादाभाऊ यांना डिंगोऱ्याहून सासू गोजरबाईचा आशीर्वाद. तुमची पाठ कशी हाय? आमची साधना बरी असंल, तिला काय व्हतंय. इकडं समदी खुशाल, कांदा सोडून. विहिरीला पाणी हाय, पण लाईटीच्या खेळात मोटर जळाली. कांदा माना टाकाय लागला.

तर तुमची होडी. (शिडाच्या होडीला इंजिन कशाला, ते तुमी जाणा. वारा फुकट असतो.) आळेफाट्याच्या गेणू मिस्त्रीला बोलावलं. तो वाकून बघून म्हणाला, "आजी, रबरं पार गुळावाणी पाघळल्यात. इंजिन वर काढल्याबिगर न्हाई जमायचं." आंब्याला चेन बांधून काढलं. (फांदी मोडली. आंबा तुमच्या सासऱ्यांनी लावलेला, पण आता ते काय बोलणार.) नवी रबरं बसवली. ती धरतात का, ते बघायला इंजिन कुठंतरी आवळायला पायजे. विहिरीवर मोटरचा सिमेंटचा ओटा रिकामाच व्हता. तिथं आवळलं. आता हे इंजिन पाण्याबिगर चालवायचं न्हाई, अशी तुमचीच ताकीद. म्हणून पट्टा चढवून पंप जोडला. लई गुणाचं इंजिन, वर ठेवलेला चहाचा कप हलला न्हाई. पंपानं पाणी ओढलं, ते उताराला लागलं, उताराला कांदा हाय. पाण्याला मी काय आडवी पडू?

तुमच्या साहेबांना मे महिन्यात धरणावर फिरवायचा शब्द दिलाय म्हणं. फिरवा की. होडी कुणी नेली न्हाई.

आपली,
गोजरबाई

ता. क. रबरं बदलून झाली. तुमच्या शब्दाबाहेर मी गेले न्हाई.

ता. क. दुसरा. इंजिन कांदा निघाल्यावर मिळंल. त्याच्यामागं ऊस हाय, तेव्हा घाई करू नका. साहेबांसाठी दोन वल्ही आणा. आमच्यासाठी डिझेलचा फिल्टर आणा, तो इकडं मिळत न्हाई.

ता. क. तिसरा. उत्तर साधनानंच लिहावं. ती कांद्याच्या पैशावर शिकली, काय लिहायचं ते तिला कळतं. तुमी खाली सही करा.