टोकन नंबर सतरा

२३ सप्टेंबर, सोमवार
एकेचाळीस फोन जमा. शिवांजली आली, पण तिचा फोन आला नाही — बार्शीला दुरुस्तीला ठेवलाय. पोरगी दवाखान्यात माणूस ठेवून आल्यासारखं तोंड करून आत गेली!

येताना फाट्यावर जुना ड्रायव्हर शंभू भेटला. "रिटायर हून काय करतूस?" म्हणालो, फोन राखतो. लई हसला. "शेळ्या राखत्यात म्हाईत हुतं," म्हणे. हसू दे. फटाक्याच्या कारखान्यात आत फोन चालत नाही. मी गेटवर घेतो, कपाटातल्या कप्प्यात ठेवतो, पत्र्याचं टोकन देतो, पाचला परत करतो. वाजला तरी उचलायचा नाही, हा मालकांचा नियम. प्रत्येक फोन पालथा ठेवायचा, हा माझा. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, एकाही प्रवाशाच्या पिशवीत डोकावलो नाही. आता काय डोकावणार?

२४ सप्टेंबर
माणसं आत, फोन बाहेर. आणि दिवसभर बोलतात ते फोनच! साडेनऊला आरती, लगेच कोंबडा, मग लग्नाचा बँड, मग एक लहान पोर खदाखदा हसतं. (ते आत काम करणाऱ्या बसप्पाच्या फोनची रिंग.) मी एकटा एवढ्यांच्या मध्ये मुका बसलेला.

अकरा वीसला टोकन सतरा. रोज, न चुकता. एकदाच वाजतो, पूर्ण वाजून गप्प होतो. सतरा नंबर म्हणजे आमची मंडळी — कमल. ती आठला आत पॅकिंगला जाते, पाचला बाहेर येते. अख्ख्या तेरखेड्याला ठाऊक आहे. मग चार महिने त्याच वेळेला फोन करणारा हा कोण अक्कलशून्य?

संध्याकाळी हिला म्हणालो, सांग त्या माणसाला. भाकरी थापता थापता म्हणते, "सांगितलंय. ऐकत न्हाय. तुमीच उचलून सांगा की!"
नियम म्हणजे नियम. विमावाला असणार.

२६ सप्टेंबर
पाचची गंमत एकदा कुणीतरी येऊन बघावी. आत दिवसभर बायकांचा नुसता कलकलाट — कुणाची सासू, कुणाची म्हैस, कुणाचं जमलेलं मोडलं. लिंबाखाली भाकरी खाताना तर हसण्याचा आवाज गेटापर्यंत. पाच वाजले, टोकन दिलं, फोन घेतला — बटण बंद केल्यासारखी सगळी गप्प! माना खाली. शिवांजली (फोन दुरुस्त होऊन आलाय) आणि तिची जाऊ दिवसभर एका डब्यात जेवल्या. गेटातून बाहेर पडताना एक इकडं, एक तिकडं. जिल्ह्यात माणसं माणसांशी बोलतात असं एवढंच ठिकाण उरलंय, आणि तिथं दारू भरतात.

२८ सप्टेंबर
अकरा वीस. विमावाला चिकट आहे.

३० सप्टेंबर, सोमवार
शंभू आज गेटवर येऊन बसला. "तुला ह्या फोनांचा एवढा राग का रं?" चहा पाजून कटवला. त्याला काय सांगायचं? इथं लिहितो. कुणी वाचणार नाही.

दोन वर्षं झाली. कळंब–बार्शी गाडी, येरमाळ्याचा थांबा. एक प्रवासी चढला आणि भर गाडीत ओरडला, "मामा, अभिनंदन! पेढे कुठायत?" मी म्हणालो, कसले पेढे? त्यानं फोन पुढं केला. फोटो. गळ्यात हार घातलेली माझी पोरगी — हर्षाली. शेजारी कुणी मुलगा. पुण्यात रजिस्टर लग्न! सोयऱ्यांच्या ग्रुपवर टाकलेलं, तिथून गावोगावच्या ग्रुपांवर गेलेलं. गाडी पुढं जाईल तसे सगळे प्रवासी फोन काढून बघायला लागले. मुलगीही माझी, गाडीही माझी, आणि सगळ्यांत शेवटी मला कळलं. अर्धं तिकीट मागणारं पोरसुद्धा माझ्याकडं बघून हसत होतं. लाज वाटली. अजून वाटते.

त्याच संध्याकाळी माझा मोठा फोन उघडूनही न बघता हिच्यापुढं टाकला. म्हणालो, ठेव तुला. आणि तिचं नाव ह्या घरात नको. मी बटणाचा साधा घेतला, नवा नंबर घेतला. शांतता.

तेव्हापासून ही रोज संध्याकाळी परसात जाऊन फोनवर कुजबुजते. सास्तूरची बहीण असेल.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना
आज वाईट झालं. खरं तर चांगलं झालं, पण माझ्या हातून वाईट.

बसप्पाचा फोन दहाला वाजायला लागला. ते हसणारं पोर — नऊ वेळा! मी नियमाप्रमाणं बसून राहिलो. पाचला त्यानं फोन घेतला आणि तिथंच मट्कन खाली बसला. बायकोला कळंबला नेलेलं. वेळेआधीच. बारा वाजता मुलगी झाली. दोघी ठणठणीत. मला वाटलं आता हा माझी गचांडी धरतो. तो रडत रडत हसत होता. फोन माझ्या तोंडासमोर धरला — "बगा की मामा, बगा!" दुपट्यात लाल मूठ. नुसती मूठ, नखांसकट.

पाच तास ते लेकरू माझ्या कपाटात पालथं पडलं होतं.

घरी येऊन जेवलो नाही. हिनं विचारलं, सांगितलं.

४ ऑक्टोबर
मालक माणिकप्पा स्वतः गेटवर आले. "असं बगा, लागोपाठ तीनदा वाजला तर उचला. निरोप लिवून घ्या, आत जाऊन द्या. एकदा-दोनदा वाजला तर हात लावायचा न्हाय." शंभर पानी वही दिली, पेन्सिल दिली. निरोपवही! पुन्हा ड्युटी वाटायला लागली.

५ ऑक्टोबर, शनिवार
पहिल्या दिवसाचे तातडीचे निरोप, जसेच्या तसे:
टोकन ९ — "चावी कुठं ठेवलीस?"
टोकन २२ — "काय न्हाय, सहज."
टोकन ९ — "घावली."
टोकन ३० — "मी पाठवलेलं रील बघितलं का इचारा." हा नवरा आहे. बायको सुरसुऱ्या वळत होती. मी उन्हातून शेडापर्यंत चालत गेलो, विचारलं. ती म्हणाली, "न्हाय म्हनावं."

सतरा अकरा वीसला एकदाच वाजला. नियमात बसत नाही.

रात्रीच्या पोळीवर जास्तीचं तूप. ही म्हणते, "तीनदा म्हंजे लागोपाठच ना?"
म्हणालो, हो. मधे खंड नको.
"आन् मग तुमी उचलनारच?"
नियम आहे, उचलावाच लागणार.
"बरं," म्हणाली आणि ताटात आणखी एक पोळी टाकली. हिला अचानक माझ्या नोकरीत इतका रस!

८ ऑक्टोबर, मंगळवार
अकरा वीस. सतरा वाजला. थांबला. पुन्हा वाजला! मी चष्मा लावला, वही उघडली, उठून कपाटापाशी उभा राहिलो. विमावाल्याला आज चार शब्द सुनवायचे तयार ठेवले होते.
तिसऱ्यांदा वाजलाच नाही. चरफडत बसलो. दमच नाही लोकांत.

१० ऑक्टोबर, गुरुवार
तीनदा वाजला.

उचलला. सुलटा केला. बाकीचे पडदा न बघताच कानाला लावतो; तीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या पिशवीत बघितलं. पडद्यावर हर्षालीचा फोटो. गाल भरलेत.

तोंडातून निघालं, "गेट. निरोप सांगा." मग नियमाप्रमाणं, "कुणासाठी?"
पलीकडून — "गेटवर बसतात त्यांच्यासाठी."
पेन्सिल हातातच राहिली.
"आई आत असते ते मला माहीत आहे की, बाबा. म्हणूनच या वेळेला करते. तुम्ही गेटवर बसायला लागल्यापासून. आणि हा नंबर तुमचाच आहे की."
मी वही मिटली.
"लग्नाच्या दिवशी रजिस्टर ऑफिसच्या दारातून पहिला फोन तुम्हालाच लावला होता. सह्या करायच्या आधी. अकरा वीस झाले होते. ड्युटीवर तुम्ही उचलत नाही. संध्याकाळी सांगू म्हटलं, तर एकानं फोटो ग्रुपवर टाकून दिला. बाबा? ऐकताय ना?"

मी काय बोललो ते लिहायची लाज वाटते, तरी लिहितो. म्हणालो, "ड्युटीवर खासगी बोलणं होत नाही." आणि ठेवला.

खोटारडा! तीस वर्षं ड्रायव्हरशी केबिनीत दुसरं काय बोलत होतो?

११ ऑक्टोबर
अकरा वीस. वाजला नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा
सुट्टी. हिनं आपट्याची पानं हातात दिली, पाया पडली, एवढंच म्हणाली, "तुमच्या ड्युटीला नमस्कार." पुरणपोळी केली. अर्धी ताटात टाकून उठलो.

हिचा फोन कोनाड्यात पडलेला. दुपारी ही शेजारी गेली तेव्हा उघडला. तो दिवस शोधायला बोटं आडवी-उभी किती फिरवली. सापडला. दोन वर्षांपूर्वीचा न उचललेला फोन. ११:२०. हर्षाली. हिनं तेवढा पुसला नव्हता.

म्हणजे फोनानं सांगितलं होतं. मी उघडूनही बघितलं नाही आणि दोन वर्षं फोनाला शिव्या घालत बसलो.

१४ ऑक्टोबर, सोमवार
सतरा नंबर आज सुलटा ठेवला. बाकीचे पालथे. दहापासून बघत बसलो. मधे टोकन ९ तीनदा वाजला, मी भानावर नव्हतो, त्यांची चावी पुन्हा हरवली असणार.

अकरा वीस. अकरा पंचवीस. साडेअकरा. पडदा काळा तो काळाच.

पाचला हिला फोन दिला. विचारलं, चार्जिंग आहे ना ह्यात? रेंज बरोबर येते ना?
ही म्हणाली, "त्याला काय झालंय? वाजवनारानं वाजवावं तरी किती दिस?"
मग दोन पावलं पुढं जाऊन थांबली. वळून न बघताच म्हणाली, "आज तिला सांगू का काय?"
मान डोलावली. बघितलं का तिनं, कुणास ठाऊक.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
अकरा वीस. नियम तीनदा वाजल्यावरचा आहे. मी पहिल्या घंटेलाच उचलला.
म्हणालो, "पेढे कुठायत?"