दोनशेवीसची कॉइल

लासूर, ता. चोपडा
१८ एप्रिल १९९१

आज लाइट अकराला आली. पावणेबाराला पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरची कॉइल जळाली. केळी कोरडीच आहे.

ती. नानांना नमस्कार. भुसावळला सगळे ठीक असतील. वहिनींचा गुडघा कसा आहे? यशोदेचे दिवस झाल्यापासून मी कोणालाच पत्र लिहिलं नाही. आज लिहितो ते कामासाठी, राग मानू नये; नात्यात विजेचं कळणारे तुम्ही एकटेच. (मी तीस वर्षं गणित शिकवलं, मोटार तुमची बहीण चालवायची.) हल्ली मी हिरवं बटण दाबलं की स्टार्टर नुसता थरथरतो, धरत नाही. कॉइलवर ४१५ लिहिलं आहे. मीटर लावला तर व्होल्टेज तीनशे. हिशोब सरळ होता : वीज कमी येते, तर कॉइलही कमीची हवी. जळगावला दुकानदार हनीफभाई म्हणाले, “मास्तर, तीनशेसाठची न्या.” मी विचारलं, त्याच्या खाली काय आहे? आणि दोनशेवीसची घेऊन आलो. आज तिने एका दमात धरलं. पाणी सुरू झालं, तसा मी यशोदेला सांगायला वळलोसुद्धा. मग शेजारच्या मोटारी एकेक बंद झाल्या, व्होल्टेज चारशेवर चढलं आणि मोटारीच्या खोपीतून धूर निघाला. शेजारच्या मळ्यातल्या मंजुळाबाई धावत आल्या. “मास्तर, यशोदावहिनी शाळा शिकेल नव्हती, पन तिना हाते कधी धूर निंघना नही!”

तरी योग्य व्होल्टेजची कॉइल तुम्ही निवडून लगेच पाठवावी. केळी आणखी चार दिवस तग धरणार नाही.

आपला,
वना

ता. क. (१९ तारीख) : कॉइल पाठवू नये. यशोदा नेमकं काय करायची, ते मंजुळाबाईंना विचारलं. “लाइट येवाना पहिले बठी राहे, बटनवर बोट ठीसन.” म्हणजे लाइट यायच्या आधीच बटणावर बोट ठेवून बसायची. लाइट आल्याबरोबर व्होल्टेज पुरं असतं, सगळ्यांच्या मोटारी लागल्या की पडतं, पण एकदा धरलेला स्टार्टर सोडत नाही. मी जेवून, सावकाश, सगळ्यांच्या मागून जात होतो. (ती माझं ताट झाकून साडेदहालाच निघायची. तिथे तुझी कोण वाट बघतंय, असं मी रोज म्हणायचो.) जुनी कॉइल परत बसवली आहे.

आणखी एक : कॉइल नको असली तरी तुम्ही या. जेवायला उशीर होईल, एवढंच.

अक्षर वाईट आलं आहे. पावणेअकरा झाले. खोपीत डब्यावर बसलो आहे, कागद गुडघ्यावर आहे, आणि डाव्या हाताचं बोट बटणावर.