दार उघडायचं ॲनिमेशन

२ नोव्हेंबर
वेबसाइटवर ॲनिमेशन चालवणारं फ्लॅश ३१ डिसेंबरला बंद होणार. जग घाबरलंय, मी नाही. मीच बनवलेली फर्निचरवाल्यांची वेबसाइट नव्या तंत्रावर आणायला मला दोन दिवस पुरेत. तीन धरू. होमपेजवर लाकडी दार उघडतं आणि बायकोचा आवाज येतो, 'या ना, दार उघडंच आहे.' चौदा वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात, नळ बंद करून रेकॉर्ड केला होता. नवी पोरं फ्लॅशला नावं ठेवतात. नाचता येईना, अंगण वाकडं. उद्यापासून सुरुवात.

९ नोव्हेंबर, सकाळ
सुरुवात लांबली. कारण तांत्रिक. रोज चहाबरोबर दार चार-पाचदा उघडून बघतो. टेस्टिंग नको का?

२० नोव्हेंबर
बायको आठ दिवसांसाठी म्हणून लेकीकडे गेली, त्याला पाच महिने झाले. मला एकांत मानवतो. दूध उतू गेलं.

४ डिसेंबर
मूळ फाईल सापडेना. जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेली. दिला मीच, पण अडगळ अडगळ म्हणून कटकट कुणाची होती? असो. फाईलवाचून माझं अडत नाही.

१५ डिसेंबर
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, निदान आईचा आवाज तरी आधी काढून ठेवा. बापाला शिकवू नकोस म्हणालो. मग आईला फोन दे म्हणणार होतो, तोवर तिने ठेवला.

३१ डिसेंबर, दुपार
नामी युक्ती! स्क्रीनचंच रेकॉर्डिंग करायचं आणि तो व्हिडिओ साइटवर टाकायचा. लक्ष विचलित नको म्हणून हेडफोन लावून बसलो. दार तीनदा उघडलं, तिन्ही वेळा टिपलं. काम फत्ते. तपासत बसायला मी काय नवशिका आहे?

१२ जानेवारी, सकाळी ९
चहा घेऊन बसलो. व्हिडिओ साइटवर टाकायचा राहिलाच होता. दाराच्या जागी करडा चौकोन. ३१ला बंद झालं तरी इतके दिवस चालत होतं, आजपासून फ्लॅश चालणारच नाही म्हणे. घर फार शांत आहे. मला करमत नाही. लिहिलं एकदाचं.

सकाळी ९.२०
रेकॉर्डिंग लावलं. दार उघडतं, पण तिचा आवाज नाही. तो हेडफोनमध्येच राहिला, माइकने नुसती खोली टिपली. खुर्चीची करकर, माझा खोकला, चहाचा भुरका. आणि दार उघडलं की दर वेळी माझाच आवाज, 'आलो गं.' तिन्ही वेळा. मला पत्ताच नव्हता.

१३ जानेवारी
तिला फोन केला. कामाचाच. फर्निचरवाल्यांना ते वाक्य नव्याने हवंय, असं सांगितलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत, लगेच म्हणून दाखवलं. शब्द तेच. कुरिअरवाल्याला सांगावं तसे. मग विचारलं, एवढं पुरे का.
मी पुरे म्हणालो.